नापास केलेले मासे

टाइलच्या कारखान्यात त्यांना सगळे नापासकाका म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाणार नाही इतकं लांबूनही नाही. भट्टीतून निघालेल्या टाइल पट्ट्यावरून सरकत त्यांच्यासमोर यायच्या आणि प्रत्येकीला ते जेमतेम एका श्वासाएवढा वेळ द्यायचे. बोटाच्या सांध्याने टकटक, ट्यूबलाइटखाली एक तिरका कटाक्ष, छटा जरा उतरलेली दिसली की खडूची फुली. बावीस वर्षं हेच. त्यांनी पास केलेला एकही खोका गिऱ्हाइकाकडून परत आला नव्हता. हे ते स्वतःच इतक्यांदा सांगत की वॉचमनलाही पाठ होतं.

अशी सवय गेटवर ठेवून घरी येता येत नाही. घरी टोमॅटो, इस्त्रीची घडी, चहाचा रंग, सगळ्यावर फुली पडायची. मागच्या दारी पन्हळीखाली एक पिंप होतं, आतून शेवाळलेलं. ते तर त्यांनी दर महिन्याला नापास केलेलं. "झाडांना चालतं," एवढंच बायको म्हणायची आणि पिंपाला हात लावू द्यायची नाही. लग्न नवं होतं तेव्हा ती या फुल्यांवर रडायची, मग भांडायची, मग दोन्ही सोडलं. "नापास का? बरं," म्हणून तो चहा ती स्वतः पिऊन टाकायची.

माणसाला एक तरी वेड असावं, ते काकांना ओढ्यातल्या माशांचं होतं. दुकानातले रंगीत मासे त्यांना खोटे वाटायचे. गल्लीच्या टोकाला एक ओढा वाहायचा, त्यात बोटाच्या दोन पेरांएवढा एक मासा मिळायचा. त्याला नाव नव्हतं, कारण तो खाण्याच्या कामाचा नव्हता. रविवारी सकाळी काका मच्छरदाणीच्या कापडाची जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायचे, मिळेल ते बादलीत घालून घरी आणायचे. ओढ्यावर निवड करायची नाही, उन्हात छटा कळत नाही, हा कारखान्याचा नियम. मागच्या पायरीवर त्यांनी खास एक ट्यूब लावून घेतली होती. तिच्याखाली पांढऱ्या तसराळ्यात मासे ओतायचे आणि परीक्षा सुरू.

काही माशांच्या अंगावर पिकल्या मिरचीसारखा तांबडा पट्टा असायचा आणि परांना काळी किनार. ते पास. बाकीचे मातकट, पोटाने जाड, शेपटीजवळ एक ठिपका, बस्स. "हे टाकून दे," म्हणून काका तसराळं बायकोकडे द्यायचे आणि पास झालेले घेऊन पुढच्या खोलीत जायचे. तिथे मोठी काचेची पेटी होती. शेजारीपाजारी ती बघायला यायचे. "हे आपल्या ओढ्यातले? काहीतरीच!" असं कुणी म्हटलं की काकांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग रस्ता रुंद करायचा ठरला आणि ओढा पाइपात घालून वरून डांबर फिरवलं. गल्लीने हुश्श केलं, डास कमी होतील म्हणून. काकाही फारसे हळहळले नाहीत. पेटीत अकरा मासे होते, अकराही अव्वल. त्यांची पिल्लं काढू, पिल्लांची पिल्लं काढू. जगात हा मासा आता आपल्याकडेच, असं ते कारखान्यात सांगून बसले.

पिल्लं काही होईनात. काकांनी पाणी बदललं, मग पाणी बदलणं बंद केलं. वाळू काढून गोटे घातले, गोटे काढून वेली घातल्या. पाणी गरम करायचा दांडा आणला, हवेचा पंप आणला, जिवंत किडे आणून फ्रिजमध्ये ठेवले. त्या दिवशी बायको तीन तास बोलली नाही. मासे खायचे, एकमेकांचा पाठलाग करायचे, पर फुगवून भांडायचे. अंडं म्हणाल तर एक नाही. वर्ष गेलं. एक मासा पालथा झाला, मग दुसरा. ओढ्यातला हा मासा फार तर तीन-चार वर्षं जगतो. नऊ उरले, मग सात. ओढ्याचं जे काही शिल्लक होतं ते आता या सातांत होतं आणि काका रोज सकाळी दात घासायच्या आधी ते मोजायचे.

शेवटी नाक मुठीत धरून ते माशांच्या दुकानात गेले आणि मोबाइलवर पेटीचा व्हिडिओ दाखवला. दुकानदार हसला. हसला म्हणजे गल्ल्यावर डोकं टेकवून हसला.

"काका, पिल्लं हवीत म्हणता, पण पेटीत बाई कुठाय?"

"म्हणजे?"

"हे सातही पुरुष आहेत. रंग पुरुषालाच असतो. बाई मातकट असते. पोटाने जाड, शेपटीशी ठिपका. पाहिली नाही कधी?"

पाहिली नाही! शेकड्यांनी पाहिली होती. दर रविवारी, ट्यूबलाइटखाली, एकेक श्वास देऊन. काका नव्या रस्त्यावरून घरी आले. पायाखालून पाण्याचा बारीक आवाज येत होता आणि त्यांना स्वतःची इतकी चीड आली की ते रस्त्यातच थांबले. मागच्या रिक्षावाल्याने शिवी दिली, तीही त्यांना कमी वाटली.

बायकोला हे सांगणं शक्यच नव्हतं. बावीस वर्षं ज्या डोळ्यांच्या जोरावर तिच्या चहाला नावं ठेवली, ते डोळे असे तोंडघशी पडलेले कुठल्या तोंडाने सांगणार? काकांनी मूग गिळले आणि शोध सुरू केला. नगरपालिकेत जाऊन ओढ्याचं झाकण उघडून द्या म्हणून अर्ज केला.

"कुठला ओढा?" कारकुनाने वही उलटली. "आमच्याकडे ओढा नाही. गटार क्रमांक नऊ आहे."

"त्यात मासे होते हो."

"गटारात मासे नसतात, काका."

तीन खेपांनंतर झाकण उघडलं. आत साबणाचा फेस आणि एक चप्पल. पुढच्या रविवारी दगडाच्या खाणीपलीकडचा ओढा, तिथे डासांसाठी कुणीतरी सोडलेले बाहेरचे मासे, बाकी काही नाही. त्यापुढच्या रविवारी दोन बस बदलून धरणाखाली. तिथे पाय घसरला, जाळी वाहून गेली. कारखान्यातही हात अडखळायला लागला. एखादी उतरलेल्या छटेची टाइल आली की ते ती उचलून बघतच राहायचे. मागे पट्ट्यावर ढीग साचायचा आणि सुपरवायझर ओरडायचा. पेटीत पाच उरले होते.

चौथ्या रविवारी ते चिखलाने भरून रिकाम्या बादलीसकट घरी आले. बायकोने चहा पुढे केला.

"पाणचट," काका म्हणाले.

"नापास का? बरं," म्हणून तिने कप उचलला, आणि काकांचा बांध फुटला.

"बरं काय बरं! सगळंच नापास करत आलो मी! माद्या होत्या त्या, माद्या! एकूण एक मादी माझ्या हाताने नापास केली, तुला टाकायला दिली आणि पाच म्हातारे नर घेऊन बसलोय! संपला तो मासा. मी संपवला!"

बायकोने कप खाली ठेवला. "त्या मातकट? ठिपकेवाल्या?"

"हो, त्याच!"

"आधी मी ओढ्यातच सोडायचे," ती म्हणाली. "मग गुडघा धरला माझा. इतकं लांब कोण जाणार? पिंपात टाकायला लागले. पिंपात डास होत नाहीत बघा तेव्हापासून."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. काका चिखलाच्या पायांनीच मागच्या दारी धावले. पिंपाचं पाणी काळंहिरवं, काही दिसेना. बायकोने टिचकी मारल्यावर खालून एक जाड, मातकट मासा वर आला, तिच्या बोटाजवळ थांबला आणि काकांची सावली पडताच खाली गेला. मग दुसरा. काकांची जाळी तर वाहून गेली होती. त्यांनी कापडाची पिशवी हातात घेतली.

"पिशवी खाली ठेवा," बायको म्हणाली.

"अगं, पेटीत नेतो त्यांना."

"नाही न्यायचं. तुमच्या त्या दिव्याखाली चार दिवसांत एखादी वाईट दिसायला लागेल, आणि म्हणाल टाकून दे. तुम्ही नापास केल्यात. आता त्या माझ्या आहेत." तिचा आवाज जरा कापला, पण हात पिंपाच्या कडेवर तसाच होता. "तुमचे घेऊन या हवं तर इथे."

काकांना राग आला, अगदी मस्तकात गेला. ती पाच रत्नं या शेवाळात घालायची? मग दिसणार काय, दाखवणार काय? ते तासभर पुढच्या खोलीत पेटीसमोर बसले. नंतर एकेक नर तसराळ्यातून नेऊन त्यांनी पिंपात सोडला. तांबडा पट्टा एकदा लकाकला आणि काळ्या पाण्यात गेला. पेटी रिकामी झाली. शेजारी विचारायला लागले, काका नुसते गुरगुरायचे.

पिंपाचे नियम बायकोचे होते. बॅटरी मारायची नाही, ढवळायचं नाही, पाणी बदलायचं नाही. बावीस वर्षं ज्यांनी फक्त बघण्याचं काम केलं, त्यांना बघायला बंदी. काका देव पाण्यात ठेवून बसले. चिडचिड तर इतकी की एक दिवस त्यांचं चहाला नावं ठेवायचं राहून गेलं.

पाचव्या आठवड्यात सकाळी बायकोने हाक मारली. कडेच्या शेवाळाजवळ, अगदी वरच्या पाण्यात, पापणीच्या केसाएवढं काहीतरी हललं. मग त्याच्या शेजारी आणखी. डोळे तेवढे दिसत होते, बाकी अंगाला रंगच नव्हता. वीस असतील, तीसही असतील. काका पिंपाच्या कडेला हनुवटी टेकून वाकले. पाठ दुखली तरी उठले नाहीत. कारखान्याचा भोंगा झाला तरी उठले नाहीत.

"काय, साहेब," बायको मागून म्हणाली, "किती पास, किती नापास?"

काकांनी बोटाने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

"आत्ताच काय सांगणार," ते म्हणाले. "वाढू दे आधी."

बायकोने चहाचा कप पिंपाच्या कडेवर ठेवला. तो पाणचटच होता. काकांनी पिंपावरची नजर न काढता तो संपवला.