दावणीला बांधलेलं हेलिकॉप्टर

माझं शिक्षण आठवी. गाव वाशिमकडचं. ओझरला आलो ते एका सिक्युरिटीच्या ठेकेदाराबरोबर, अंगात दुसऱ्याच्या मापाचा शर्ट आणि गळ्यात शिट्टी. एक कंपनी अष्टविनायकाचं दर्शन हेलिकॉप्टरनं घडवायची. येडगावच्या रस्त्याला एक वावर भाड्यानं घेऊन तिनं हेलिपॅड केलं होतं. वावराच्या मालकांना सगळा गाव अण्णा म्हणायचा, मीही म्हणू लागलो. माझं काम गेटवर बसायचं.

गेटवरून मी मशीनपर्यंत, म्हणजे हेलिकॉप्टरपर्यंत, कसा गेलो ते सांगायलाच पाहिजे, कारण ते उपकार मी विसरलेलो नाही. एकदा एक आजोबा हात जोडून सरळ शेपटाच्या पंख्याकडं निघाले. तो पंखा फिरताना डोळ्यांना दिसत नाही. मी पळत जाऊन त्यांना कमरेला धरून मागं ओढलं. पायलट साहेबांनी ते आतून बघितलं आणि मॅनेजरला सांगून मला मशीनवर घेतलं. नवा युनिफॉर्म दिला, तोही माझ्या मापाचा. माणसांना पुढच्या बाजूनं, पायलटला दिसतील असं न्यायचं, मान खाली घालायला सांगायचं, पट्टा बांधायचा, दार लावून बाजूला व्हायचं. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसावर एवढी जबाबदारी कोण टाकतं? बसायच्या आधी प्रत्येकाचं वजन करावं लागायचं. बायका काट्यावर चढताना म्हणायच्या, "आकडा मनातल्या मनात वाच हां भाऊ." मी मनातच वाचायचो आणि कागदावर लिहायचो. मला वाटायचं, आता आयुष्यभर हेच.

मग पगार उशिरा यायला लागला. मग अर्धा आला. मग पगाराच्या जागी मॅनेजरचा फोन यायला लागला.

एका दुपारी पायलट साहेबांनी मशीन उतरवलं आणि पंखा थांबेपर्यंत आतच बसून राहिले. खाली आल्यावर म्हणाले, "विमा संपलाय. आता हे उडणार नाही." वाऱ्यानं पाती हलू नयेत म्हणून त्यांना पट्टा बांधतात, तो त्यांनी मला परत एकदा बांधून दाखवला, दाराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि पुण्याला निघून गेले. त्यांचाही पगार थकलेला होता. त्याच आठवड्यात कळलं की कंपनी बुडाली, प्रकरण कोर्टात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा ट्रॅक्टर घेऊन आले. जमिनीचं भाडं कधीपासून आलं नव्हतं. त्यांच्या मागं टँकरवाला, येडगावचा. धूळ उडू नये म्हणून हेलिपॅडवर पाणी तोच मारायचा, त्याचंही बिल अडकलेलं. अण्णांनी ट्रॉल्या आणून मशीनच्या चारी बाजूंनी अशा लावल्या की मधून शेळीसुद्धा गेली नसती. टँकरवाला बांधावर उभा राहून बघत होता.

"लई भारी, अण्णा. पण ते आडवं जातंय का?"

"मंग?"

टँकरवाल्यानं नुसतं बोट वर केलं.

अण्णा वर बघत राहिले. मग माझ्यावरच खेकसले, "तुमी काय हसताय?" मी हसत नव्हतो.

मग त्यांनी घरून दावं आणलं. इकडं गाड्याच्या शर्यतीचे बैल असतात, त्यांचं जाड दावं. ते मशीनच्या खालच्या पाइपाला बांधलं आणि दुसरं टोक दगडांनी भरलेल्या ट्रॉलीला. आधी ते शेपटालाच बांधायला निघाले होते. मी हातापाया पडलो, "अण्णा, शेपटाला नका बांधू, पत्रा वाकंल."

"मग तुमी सोता पंख्याला पट्टा बांधलाय तो कशाला?"

"तो वाऱ्यासाठी आहे."

"हे मॅनेजरसाठी हाय."

त्या संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मशीन सोडून हललास तर पगार विसर. आणि एक स्क्रू जरी कमी निघाला ना, तर चोरीची केस तुझ्यावर." मी हो म्हणालो. फोन ठेवतो तोवर अण्णा माझ्या पत्र्याच्या केबिनच्या दारात. म्हणाले, "पावणं, तुमी इथनं जायचं न्हाई. तुमी गेला तर कंपनी म्हनंल, मोडतोड आमी केली. तुमी आमचं साक्षीदार." मी त्यांनाही हो म्हणालो.

तिकडं बायको माहेरी होती, आठवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण. पोटात पाणी कमी आहे असं डॉक्टरनं सांगितल्यापासून ती घाबरलेली होती. मी शब्द दिला होता की वेळेच्या आधी येतो.

ती फोनवर विचारायची, "कवा येता?"

"येतो. इथलं जरा मिटू दे."

"बांधून ठेवलं का तुमाले?"

"नाही."

"मंग या ना."

खरंच कोणी बांधलं नव्हतं. गेटला कुलूप नव्हतं. समोरून नारायणगावची एसटी जायची, कंडक्टर ओळखीचा झालेला, तो हात करायचा, मीही करायचो. पण मनात हिशेब चालायचा. गेलो तर चोर ठरणार, आणि अडकलेला पगार गेला तर दवाखान्याला पैसे कुठले? नाही गेलो तर तिथं ती एकटी. रोज सकाळी पिशवी भरायचो आणि रोज दुपारी त्याच पिशवीतून टॉवेल बाहेर काढायचो.

ओझरला आलेले भक्त रस्त्यावरून हेलिकॉप्टर बघून आत यायचे. दोरीनं बांधलेलं हेलिकॉप्टर! फोटो काढायचे. "काय राव, पळून जातंय का हे?" एका बाईनं पुढच्या काचेखाली कुंकू लावून नारळ ठेवला. त्यानंतर रोज कोणीतरी लावायचंच. मी ओलं फडकं घेऊन लगेच पुसायचो, रंगाला डाग पडला तर तोही माझ्या नावावर. दिवस मावळला की बाहेर फिरायची सोय नव्हती, पलीकडं ऊस आणि उसात बिबट्या. पत्र्याच्या केबिनला आतून कडी घालून बसायचो.

त्या दिवसांत मला सावरून धरलं ते रस्त्यापलीकडच्या खानावळीतल्या मावशीनं. महाळुंगे पडवळ हे तिचं माहेर, भाजी तिकडूनच यायची, भावाच्या मळ्यातली. कंपनीच्या माणसांचं जेवण तिच्याकडं महिन्याच्या बोलीवर होतं, म्हणजे बुडालेल्यांत तीही होती. तरी तिनं माझं ताट बंद केलं नाही. मला लाज वाटायची. मी एकाच भाकरीवर उठायला लागलो.

"पोट बिघडलंय का?"

"नाही मावशी, भूक नाही."

"भूक न्हाई म्हनं. कंपनीचं कंपनीसंगं. तुझं काय हाय त्यात? बस खाली." आणि ती दुसरी भाकरी ताटात टाकायची, वरून पळीभर कालवण.

बायकोला नववा लागला. तेव्हा एकदाचा कोर्टानं नेमलेला साहेब आला. बरोबर सूट घातलेला आणखी एक माणूस, तो कोण ते आम्हाला कळलं नाही. प्रवाशांसाठी घातलेल्या मांडवात खुर्च्या टाकल्या. अण्णा आले, टँकरवाला आला, मावशी पदराला हात पुसत आली. साहेब बोलायला चांगला होता. म्हणाला, ज्यांचं ज्यांचं येणं आहे त्यांनी दावा दाखल करा, कंपनीचं जे काही असेल ते विकून नियमाप्रमाणं वाटणी होईल.

अण्णा खूश झाले. "मंग हे विका की. हे हितंच हाय. आमी नीट सांभाळलंय." त्यांनी मशीनला बांधलेल्या दाव्याकडं हात केला.

साहेबांनी सूटवाल्याकडं बघितलं. सूटवाला म्हणाला, "हे हेलिकॉप्टर त्या कंपनीचं नाही. आमचं आहे. आम्ही त्यांना भाड्यानं दिलं होतं. आमचंही भाडं थकलंय."

अण्णा उठून उभे राहिले. "म्हंजे आमी एवढं दिस परक्याचा बैल बांधून ठिवला व्हता?"

टँकरवाल्याला हसू आवरेना. मग त्याचं हसू थांबलं, कारण त्याच्या ध्यानात आलं असावं की आता धरायला काहीच उरलं नाही. अण्णांनी भांडण केलं नाही. मला वाटलं होतं ते त्या माणसाची गचांडी धरतील. ते मशीनपाशी गेले, खाली बसले आणि गाठ सोडायला लागले. आवळून बसलेली गाठ, सुटेना. मी जाऊन दुसऱ्या बाजूनं दावं सैल धरलं. सुटल्यावर त्यांनी ते खांद्यावर टाकलं. साहेब मागून म्हणत होते की जमिनीच्या भाड्याचा दावा तरी जरूर करा. अण्णांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

मी साहेबांना विचारलं, "मी जाऊ का?"

"तुम्ही कर्मचारी ना? तुमचाही दावा भरा."

"ते भरतो साहेब. पण घरी जाऊ का? बायको बाळंतपणाला आहे."

साहेबांनी सूटवाल्याकडं बघितलं. तो म्हणाला, क्रेन आणि ट्रेलर यायला वेळ आहे, कोर्टाचा कागद झाल्याशिवाय आम्हाला किल्ली घेता येत नाही, तोपर्यंत ती इथंच कोणाकडं तरी पाहिजे, आणि साहेब म्हणाले, "ती माझ्या ताब्यात घ्यायला मला वरून परवानगी लागेल." मी किल्ली अण्णांपुढं धरली. ज्या माणसानं मला इतके दिवस इथून हलू दिलं नव्हतं त्यानं दोन्ही हात मागं घेतले. "माझ्याकडं नगं. उद्या आतलं काय गेलं तर मलाच धरत्याल." टँकरवाला म्हणाला, "माझं हितं काय काम?" आणि चपला घालायला लागला. मी तळहातावर किल्ली घेऊन मांडवात उभा. माझा हात खाली येईना. काल जिच्यासाठी सगळे मला राखत होते ती आज कोणालाच नको होती.

"दे हिकडं," मावशी म्हणाली.

साहेब म्हणाले, "बाई, ही जबाबदारी आहे, विचार करा."

"माझं आदीच बुडालंय साहेब, आता आनखी काय बुडनारंय? लिहून घ्या माझं नाव. लेकराला गाडी मिळू द्या." तिनं किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि माझ्यावर ओरडली, "उभा काय ऱ्हायलास? एसटी जाईल."

मी पिशवी घेऊन पळालो. नारायणगाव, तिथून नगर, तिथून पुढं. गाडीत फोन हातातच धरून बसलो. मॅनेजरचा आला, मी उचललाच. सवय. तो म्हणाला, कोणाला विचारून गेलास? मी म्हणालो, रेंज नाही, आणि ठेवला.

पोचलो तेव्हा बायको तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आत होती. सासरे बाहेर बाकड्यावर. तिच्यापर्यंत जायला नर्सनं दोन मिनिटं दिली. बायकोनं माझ्याकडं बघितलं, माझं मनगट धरलं आणि तिला कळ येईपर्यंत सोडलं नाही. संध्याकाळी मुलगी झाली. दोघी बऱ्या.

दुसऱ्या दिवशी जन्माची नोंद करायला नर्सनं मला टेबलापाशी बोलावलं. नाव, गाव, वय सांगितलं.

"वडील काय करतात?"

मी राजीनामा दिला नव्हता. मला कोणी काढलं नव्हतं. कंपनी बंद झाली असं कोणी म्हणत नव्हतं, चालू आहे असंही नाही. दावा भरायचा तर मी कर्मचारी असायला पाहिजे आणि दुसरी नोकरी धरायची तर नसायला. नर्स पेन धरून थांबली होती.

मागून सासरे अभिमानानं म्हणाले, "हेलिकॉप्टरवर हायेत."

नर्सनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"खाजगी नोकरी लिहिते," ती म्हणाली, आणि पुढच्या बाईला हाक मारली.