आठवीचा तोंडी पेपर

ती मुलगी कोरा पेपर फार नीट द्यायची. डाव्या बाजूला पट्टीने आखलेला समास, वर नाव आणि हजेरी क्रमांक, फळ्यावरचा प्रश्न जसाच्या तसा उतरवलेला, आणि त्याखाली काही नाही. पुढच्या प्रश्नाआधी ती मोजून पाच ओळी मोकळ्या सोडायची. आठवीच्या पहिल्या सत्रात तिने मला गणिताचे असे दोन पेपर दिले. दोन्हींवर मी लाल पेनाने शून्य घातलं. तिने ते दोन्ही घडी करून वहीच्या कव्हरात ठेवले.

मी भिवंडी तालुक्यात, दिघाशीच्या बाजूच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळेच्या मागे अजून भाताची खाचरं आहेत, पण मुलांचे आईबाप सकाळी सातच्या टेंपोने पूर्णा, मानकोलीच्या गोडाऊनला जातात. कोणी माल उतरवतं, कोणी खोक्यांना टेप लावतं. या मुलीचं घर पाड्यावर. बाप वर्षातले सहा-सात महिने वीटभट्टीवर, त्यामुळे घर आईच्याच अंगावर. पावसाळ्यात ती दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जायची आणि उरलेले महिने गोडाऊनमध्ये झाडलोट करायची. रविवारी आणि सुट्टीला मुलगी तिच्यासोबत असायची, झाडू मारायला.

मी स्वतः शहापूरला शिकले. बाबा भातगिरणीत पोती उचलायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीपर्यंत गेलं नव्हतं. मी पदवीधर झाले ती पाठांतरावर. भूमितीची प्रमेयं मला कळायची नाहीत, पण स्वल्पविरामासकट पाठ असायची. आमच्या मराठीच्या बाई मला शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवून घ्यायच्या आणि उत्तर कसं लक्षात ठेवायचं, किती लिहायचं, कुठे अधोरेखित करायचं हे दाखवायच्या. त्यांची आठवण आली की अजून माझे हात आपोआप जोडले जातात. लेखी परीक्षेने मला त्या गिरणीच्या आवारातून बाहेर काढलं होतं. म्हणून ज्याला पेपरात लिहिता येत नाही त्याला ते येतच नाही, असं मी बरीच वर्षं मनापासून मानत आले.

दिवाळीनंतर आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. आजच्या मुलाला काय येतं ते आधी शोधा, शिकवणं आणि मूल्यमापन तिथून सुरू करा, असा त्याचा एकूण आशय. बाकीचे शिक्षक फोन बघत होते. मी अर्धी वही भरली. शाळेत परतल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "बरीच टिपणं काढलेली दिसतात, बाई. आता वही कपाटात ठेवा. कपाट त्यासाठीच आहे."

मी ठेवलीही असती. पण त्याच आठवड्यात शाळेत विज्ञान साहित्याचा खोका आला. आणणारा माणूस घाईत होता. मी सही करणार इतक्यात ती मुलगी, जी ऑफिसात खडू न्यायला आली होती, खोक्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "बाई, हा दोनातला दुसरा हाय. पयला कुटं गेला?"

लेबलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं. मला दिसलंही नव्हतं. आणणारा माणूस टेंपोत जाऊन पहिला खोका घेऊन आला आणि जाताना तिला म्हणाला, "तेरी टीचर से तो तू होशियार है रे."

त्या रात्री, म्हणजे जेवणं झाल्यावर, मी ती वही पुन्हा काढली. दुसऱ्या सत्राच्या तोंडी आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी मी एक पेपर तयार केला. वाण्याकडून रिकामे खोके आणले. सहा मापांचे. त्यांवर वजन, माप, पत्ता, रॅकचा क्रमांक अशी लेबलं चिकटवली. खऱ्या खोक्यांवर असतात ती चिन्हंही काढली, नुसतीच शोभेला. प्रश्न सगळे अभ्यासक्रमातलेच होते: घनफळ, शेकडेवारी, गुणोत्तर. फक्त उत्तर लिहायचं नव्हतं. खोका हातात घ्यायचा आणि सांगायचं.

तिचा नंबर आला तेव्हा मी विचारलं, "ही फळी शंभर सेंटिमीटर लांब, साठ रुंद आणि पन्नास उंच. खोका चाळीस, तीस, वीस. फळीवर असे किती खोके राहतील?"

फळीच्या घनफळाला खोक्याच्या घनफळाने भागलं की साडेबारा येतात. माझ्या कागदावर उत्तर होतं, बारा.

तिने खोका उचलला, जमिनीवर बोटांनी वीत मारल्यासारखं केलं आणि म्हणाली, "आठ."

"नीट बघ."

"बगितलं बाई. खाली चार, वर चार. त्याच्यावर जागा उरंल पण खोका न्हाय बसनार."

"आडवा-उभा करून बघ की."

"कसा करनार? बाण हाय ना त्याच्यावर. बाणाचं तोंड वरच ठेवायचं. पालथा केला तं आतलं फुटंल, मंग तुमीच आरडाल."

वर्ग हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "बाई फेल! बाईंना पुन्हा बसवा!" तो बाण मीच काढला होता. त्याचा अर्थ मी कधी लक्षातच घेतला नव्हता. मीही हसले. शिकवायला लागल्यापासूनची अकरा वर्षं डोळ्यांसमोर धरली तर त्या दुपारइतकं सुख मला वर्गात क्वचितच मिळालं असेल. तिने सातपैकी सात प्रश्न सोडवले आणि माझा एक दुरुस्त केला. त्या गुणांवर ती आठवी पास झाली.

प्रगतिपुस्तकात प्रत्येक मुलाबद्दल आम्हाला नोंद लिहावी लागते. तिच्या 'विशेष प्रगती'च्या रकान्यात मी लिहिलं: 'खोक्यांवरील माहिती अचूक वाचते. वजन व जागेचा हिशेब तोंडी आणि जलद करते. इतरांच्या नजरेतून सुटलेली चूक शोधते. न थकता, मन लावून काम करते.' 'सुधारणा आवश्यक'मध्ये लिहिलं: 'लेखनाचा भरपूर सराव हवा.' त्याआधी मी कोणाबद्दल इतकं खरं लिहिलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी तिची आई कामावर खाडा करून आली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. पहिला रकाना मी सावकाश वाचला. दुसरा पटकन.

"परत वाचा बाई," ती म्हणाली.

मी परत वाचलं. मुलगी दाराशी उभी राहून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती.

"ह्याची झेरॉक्स मिळंल?"

मला वाटलं, नातेवाइकांना दाखवायची असेल. माझ्या बाबांनी माझी बारावीची गुणपत्रिका गिरणीत सगळ्यांना दाखवली होती. मी ऑफिसातल्या मशीनवर स्वतः झेरॉक्स काढून दिली आणि त्या कागदावर शाळेचा शिक्काही मारून दिला, चांगला दिसावा म्हणून. निघताना मी आईला सांगितलं, "नववीला तालुक्याच्या हायस्कूलमध्ये घालायचं हं तिला. जूनमध्ये दाखला न्यायला या." ती हो म्हणाली.

जूनमध्ये शाळा उघडली. आठवी झालेल्या बाकीच्या मुलांचे दाखले गेले. तिचा राहिला. एक आठवडा वाट बघून मी शाळा सुटल्यावर पाड्यावर गेले. आई घरीच होती, लावणीच्या कामावरून नुकतीच आलेली, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला.

"बसा बाई. पानी देते."

"ताई, दाखला न्यायला आला नाहीत."

"कशाला? ती लागली ना कामाला. मे मदीच लागली."

"कुठे?"

"पूर्णाला. आमच्याच गोडाऊनला. माजी झाडलोट, ती आत पॅकिंगला." तिने हात पुसले, आत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतून माझी झेरॉक्स काढली. तिला लॅमिनेशन केलेलं होतं. "ठेकेदाराला हा कागद दिला. त्यानं सुपरवायझरकडून वाचून घेतला. बोलला, ऐसीच लडकी चाहिए. मला बसायला खुर्ची दिली बाई. चार वरसं झाली तितं झाडते, पयल्यांदा खुर्ची दिली."

तिचं तोंड आनंदाने फुललं होतं. ती माझे आभारच मानत होती.

"अहो, पण तिचं वय काय!"

"पंदरावं लागलं. कोन इचारतो?"

"मी हा कागद कामासाठी नव्हता लिहिला. ती हुशार आहे, शिकेल, म्हणून लिहिला होता."

"तुमीच लिवलंय ना, हिला हिशेब येतो, चूक गावते, थकत न्हाय? मंग खोटं हाय का ते?"

"खोटं नाही."

"मंग शिकली ना ती."

मी म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. मी स्वतः येते हायस्कूलला, नाव घालून देते."

ती माझ्यासमोर खाली बसली. चेष्टा करत नव्हती, खरंच विचारत होती. "तितं तोंडी घेत्यात पेपर? तुमी घेतला तसा?"

"नाही. तिथे लिहावा लागतो."

"आनि दहावीचा?"

"तोही."

"खोके देत्यात हातात?"

"नाही देत."

"मंग तुमीच सांगा बाई. दोन वरसं ती कोरा कागद देऊन घरी येनार. आनि मंग ही जागा ऱ्हानार हाय का?"

मी सांगितलं की मी तिला लिहायला शिकवीन, रोज शाळा सुटल्यावर, माझ्या बाईंनी मला शिकवलं तसं. आई हसली. "आठ वरसं शाळेत होती. तवा न्हाय शिकवलं?"

आठपैकी तीन वर्षं ती माझ्याच वर्गात होती.

तेवढ्यात टेंपो आला आणि मुलगी उतरली. अंगावर तिच्या मापापेक्षा मोठं कंपनीचं जॅकेट होतं. मला बघून ती आधी शाळेतल्यासारखी ताठ उभी राहिली, मग लाजून आईच्या शेजारी बसली.

"काय करतेस गं तिथे?"

"स्टिकर लावते."

"आणि हिशेब?"

"हिशेब न्हाय बाई. कुटं काय ठेवायचं ते मशीन सांगतं. आपुन फक्त लावायचं." मग तिला काहीतरी आठवून हसू आलं. "एकदा मी बोलली, वजन चुकलंय म्हनून. सुपरवायझर बोलला, तू सोच मत, चिपका. आता समदे मला 'चिपका'च बोलतात."

आईसुद्धा हसली. मी विचारलं, "चुकलं होतं का खरंच?"

"हां. परत आला ना तो माल."

"कंटाळा येतो?"

तिने खांदे उडवले. "तुमच्या पेपरात सहा तऱ्हेचे खोके होते. हितं दिवसभर एकच असतो."

मी आणखी दोनदा गेले. एकदा हायस्कूलचा प्रवेश अर्ज भरूनच नेला. आईने तो नीट घडी करून त्याच पिशवीत ठेवला आणि जुलै संपला. तिचा दाखला मी लिहून ठेवला आहे. तो ऑफिसातल्या फाइलमध्ये आहे आणि न्यायला कोणी आलेलं नाही.

मी पुष्कळ विचार करून पाहिला. मी जुन्याच पद्धतीचा पेपर घेतला असता तर ती आठवीतच अडकली असती, फेरपरीक्षेलाही तिने तसाच आखलेला कोरा कागद दिला असता. नवा घेतला, तर तो माझ्या वर्गाच्या दारापाशी संपला. पुढे सगळे लेखीच आहेत. तिला जे येत होतं ते मी शोधलं, मोजलं आणि शिक्का मारून दिलं, आणि ज्यांना ते कागद म्हणून कामाला आलं त्यांना ते प्रत्यक्षात नकोच होतं. कुठे वळले असते तर ती नववीत गेली असती, ते मला सापडत नाही. या वर्षीच्या आठवीतही तसाच कोरा पेपर देणारी दोन मुलं आहेत. त्यांच्यासाठी काय करावं, मला माहीत नाही.

सप्टेंबरच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, केंद्रप्रमुखांनी मला तो पेपर मांडायला सांगितला. मुख्याध्यापकांनी त्यांना कौतुकाने कळवलं होतं. मी बैठकीआधी केंद्रप्रमुखांना गाठून मुलीचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "वाईट झालं. पण बाई, ते सामाजिक कारण आहे. उपक्रम वेगळा, ते वेगळं. तेवढं नका सांगू, लोकांचा उत्साह जातो."

मी ते सांगितलं नाही. मी खोके मांडले, प्रश्न वाचले. आठ की बारा हा किस्सा सांगितला तेव्हा सभागृह हसलं आणि टाळ्या वाजल्या. मग पुढच्या रांगेतले एक सर म्हणाले, "मॅडम, पेपर जरा वर धरा ना, आमच्याकडेही घेऊ." आठ-दहा जण फोन घेऊन पुढे आले. पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडत होता. फोटो हलू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी ताणून धरला.