लेकीसाठी राखलेलं पाणी

टाकीचं झाकण उघडलं आणि मी तोंड फिरवलं. कूलरच्या तळाशी राहून गेलेल्या पाण्याला येतो ना, तसला वास. पाण्याचं मशीन बाहेरून मात्र लखलखीत. वरच्या कोपऱ्यात दसऱ्याला लावलेल्या हळदीकुंकवाचा वाळका ठिपका.

माझ्या मागं महाजन सरांची लेक स्वातीताई उभी होती, पोराला कडेवर घेऊन. पोर वर्षभराचं असेल. मान टाकून आईच्या खांद्यावर पडलेलं. आदल्या दिवशी ताई पुण्याहून आली आणि संध्याकाळपासून त्याला जुलाब. डॉक्टरांकडं जाऊन आली आणि आल्या आल्या तिनं आमच्या दुकानात फोन लावला. शेठनी मला दुसऱ्या घरी ड्रिल चालू असताना गाठलं. "दिलीप, सब छोड, लालबागला जा. महाजन सरांची लडकी फार भडकली आहे."

मी बऱ्हाणपुरात आरओ बसवतो, त्यांची सर्व्हिस करतो. बाहेरच्या कंपन्यांची ही मशीनं आमच्या गल्लीबोळांत यायला लागली, तेव्हापासून हेच काम. सरांचं मशीन मागच्या उन्हाळ्यात मीच बसवलं होतं. सर गणिताचे शिक्षक, रिटायर्ड. बाई वारल्यापासून एकटेच. त्यांना मुतखड्याचा त्रास, आणि आमच्या बोरिंगचं पाणी तर असं जड की डाळ शिजता शिजत नाही. म्हणून ताईनं पुण्याहून ऑर्डर दिली होती.

"तुमच्या मशीननं माझ्या पोराची ही गत केली," ताई म्हणाली.

"ताई, आधी उघडून बघू द्या."

तोंडानं एवढंच बोललो, पण डोकं तापलं होतं. मशीन बिघडलं की कंपनी चोर, आम्ही चोर. वर्षाच्या सर्व्हिससाठी मी स्वतः फोन केला होता, तेव्हा सर म्हणाले होते, "कशाला येतोस रे उन्हातान्हात? एकदम चकाचक आहे."

मी पहिला फिल्टर खोलला. हा दोऱ्याचा, गुंडाळलेल्या सुतासारखा दिसतो. पाण्यातली माती, गाळ अडवणं त्याचं काम. आमच्या गावच्या या लालबाग भागात चार-सहा महिन्यांत तो चहाच्या गाळणीसारखा होतो. सरांचा निघाला पांढरा. नुसता पांढरा नाही, दुकानातून आणावा तसा.

तो हातात घेऊन मी बसून राहिलो. काय झालं ते मला कळलं होतं, पण बोलायचं जिवावर आलं.

"सर, हे मशीन तुम्ही चालवत होता ना?"

"परवा चालू केलं की. ताई येणार म्हणून."

"आणि त्याच्या आधी?"

सर धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायला लागले. ओट्याच्या टोकाला माठ होता, त्यावर उपडा तांब्या. बाजूला एका जुन्या साडीचा शिवलेला गलेफ घडी करून ठेवलेला. मशीनवर तोच घालून ठेवत असणार.

"बाबा," ताई म्हणाली, "तुम्ही तर रोज फोनवर सांगायचे, फिल्टरचंच पितो म्हणून."

"मला काय गं, माठातलं चालतं. जन्म गेला हेच पाणी पिऊन. म्हटलं, माझ्या एकट्यासाठी कशाला झिजवायचं? तू येशील, बाळ येईल, तेव्हा नवंकोरं असावं."

"मी ते तुमच्यासाठी घेतलं होतं, बाबा."

माझा राग कुठल्या कुठं गेला. सरांच्या तोंडाकडं बघवेना.

आमच्याकडं घरोघरी हीच रीत. चांगल्या कपबश्या कपाटात, चांगली चादर पाहुण्याला, सोफ्याचं प्लास्टिक फाटेस्तोवर काढायचं नाही. कपबशी बिचारी सोसते. पाण्याच्या मशीनला ते चालत नाही. बसवताना टाकीत भरलेलं पाणी तसंच राहिलं, सडलं. दुसरा फिल्टर कोळशाचा, वास ओढणारा. तो ओला राहून आतून बुरसला. तिसरं मेम्ब्रेन, म्हणजे पाण्यातले क्षार गाळणारी बारीक जाळीची गुंडाळी. तिच्यावर बुळबुळीत थर. परवा सरांनी बटण दाबलं आणि नवं पाणी त्याच घाणीवर चढलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. बसवताना मी 'रोज चालवा' सांगतो, पण लोक मान हलवतात आणि वरून कापड टाकतात.

पोराचं पोट पाण्यानंच बिघडलं का, मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले होते, प्रवासाचं असेल, उन्हाचं असेल, पाण्याचंही असेल. पण त्या स्वयंपाकघरात आता दुसरं कारण कोण मानणार?

मी सगळं बदललं. टाकी घासली, औषधाच्या पाण्यानं धुतली, भरून भरून पाणी ओतून दिलं. शेवटी पाण्यातले क्षार मोजायचं मीटर ग्लासात बुडवून ताईला आकडा दाखवला. वास तिनं घेतला, मी दोन ग्लास तिच्यासमोर प्यायलो.

"आकडा बरोबर असेल हो भाऊ," ती म्हणाली. आवाज आता उतरला होता. "पण माझ्याच्यानं बाळाला नाही पाजवत."

ती अख्खा मे महिना राहणार होती. मधल्या खोलीत सरांनी झोका बांधला होता, पलंगाखाली गवतात आंबे पिकत घातले होते. पोर सावरलं तसं तिनं परतीचं तिकीट काढलं. भांडली नाही, रागावली नाही. भ्यायली होती. आईला कोण काय म्हणणार?

तेव्हापासून सर मशीनचंच पाणी पितात. दारात कोणी आलं, अगदी केळीवाला आला, तरी त्याच्या हातात ग्लास. मी सर्व्हिसला गेलो की ते माझ्याआधी वाकून बघतात. दोऱ्याचा फिल्टर आता चांगला तपकिरी निघतो.

"मळलाय ना? काढ फोटो," ते म्हणतात. "ताईला पाठव."

मी पाठवतो. तिकडून अंगठा येतो.

यंदा ती आली. दोन दिवसांसाठी, येताना बाटलीबंद पाण्याचे खोके घेऊन. सर्व्हिसची तारीख सरांनी मुद्दाम तेव्हाचीच दिली होती. ते खोके त्यांनी स्वतःच मशीनखाली नीट लावून ठेवले होते. माझं काम झाल्यावर सरांनी मला ग्लास भरून दिला. पोर आता चालतं. ते लुटुलुटु आलं आणि माझ्या ग्लासाला हात घातला. ताईनं त्याला हळूच मागं घेतलं, बाटलीचं बूच फिरवलं.

सर मशीनकडं वळले आणि टपकत नसलेला नळ पुन्हा घट्ट करत राहिले. ग्लास संपवून मी पिशवी आवरली.

आमच्या दुकानात मशीनवर घालायची छान फुलाफुलांची कव्हरं मिळतात. शेठ म्हणतात, दिलीप, तू एक पण विकत नाहीस. गिऱ्हाईकानं मागितलं, तर मी स्टॉक संपला म्हणून सांगतो.