बाईंचा तळहात

ज्वालामुखीचा विषय शिकवणाऱ्या बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अभ्याससहलीला जो आला नाही, तो नापास. डोंगरावर त्या सगळ्यांच्या पुढे चालत आणि जमिनीला तळहात लावून सांगत, "गार आहे, बसा." थर्मामीटर पिशवीतच राही. घरीही त्या तापलेलं पातेलं फडक्याशिवाय उचलत. सासूबाई म्हणत, "अगं, हात आहेत की सांडशी?" बाईंना त्याचा अभिमानच वाटे.

यंदाही त्यांनी हात टेकवून "गार आहे" म्हटलं. मुलं डबे उघडून बसली आणि बसल्या बसल्या चटका लागून सगळा वर्ग उठला. बाईंनी पुन्हा हात टेकवून पाहिला. त्यांना काहीच जाणवलं नाही. इतक्या वर्षांत हात शहाणा झाला नव्हता, नुसता निबर झाला होता.

संध्याकाळी मुक्कामावर चहा आला. सगळ्यांचे कप रिकामे झाले, तरी एक मुलगी आपल्या कपावर फुंकरच मारत होती. एरवी बाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

"उद्या तू पुढे चालायचं," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या मागे."