आक्काची टोळी

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून हटत नाही. वडवणी तालुक्यातले शिवार, थंडीचे दिवस, धुक्यात बुडालेला कापूस. कमरेला ओट्या बांधलेल्या बायका वेचत वेचत पुढे सरकत आणि त्या पांढऱ्यात विरघळून जात. मी आलो होतो तपासाला, पण बांधावर उभा राहून स्वप्नात असल्यासारखा नुसता बघत राहिलो. पोलिसाच्या वाट्याला असे शांत काही क्वचितच येते.

फिर्याद शेतमालकाची होती. तो लग्नाला परगावी गेला असताना आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या कोठ्यात, साठवलेला कापूस रातोरात कुणीतरी उचलून नेला. खबऱ्याने सांगितले, आदल्या संध्याकाळी वेचणीच्या टोळीतली नवी बाई एकटीच शेताकडे परत जाताना दिसली. ती चौसाळ्याकडची, नवऱ्याने टाकलेली, पदरात लेकरे. विसरलेला डबा आणायला गेले होते, एवढेच ती सांगत राहिली. मालक तिला काढायला निघाला होता आणि बायकाही तिच्यापासून लांब बसू लागल्या होत्या. हा आळ चिकटला असता तर आसपासच्या गावांतही तिला कुणी वेचणीला उभे केले नसते.

महिला शिपायाला सोबत घेऊन मी एकेकीला बाजूला बोलावणार होतो. एकीला दुसरीविरुद्ध बोलते करायचे, ही आमची नेहमीची रीत. तेवढ्यात टोळीची मुकादम आडवी आली. पन्नाशीची बाई, सगळ्याजणी तिला आक्का म्हणत.

“साहेब, एकेकीला नगा इचारू. टोळी फुटली की मंग कुनीच खरं बोलत न्हाई. दुपारपस्तोर थांबा.”

एरवी मी भडकलो असतो. त्या दिवशी थांबलो; धुक्याचा गुण असेल.

आक्काला बघत बसलो. बांधाकडची पात, म्हणजे वेचायची ओळ, जिथे बोरीचे काटे पदराला ओढतात, ती तिने स्वतःकडे ठेवली होती. नव्या बाईला शेजारचीच पात दिली होती. कुणावर ओरडणे नाही की भाषण नाही. एखादी मागे पडली की ती आपली पात सोडून तिच्या पातीला हात लावायची. मग बाकीच्यांनाही नुसते बघत राहवत नसे.

दुपारी ऊन मऊ पडले आणि बायका जेवायला बसल्या. एका फडक्यावर सगळ्यांच्या भाकरी एकत्र करायच्या, ही त्या टोळीची जुनी रीत. चोरी झाल्यापासून नव्या बाईची भाकर मात्र वेगळी होती. आक्का उठली, आपले फडके तिच्यापुढे पसरले आणि तिच्याच भाकरीचा तुकडा मोडून खाऊ लागली. मग एक उठली, मग दुसरी, आणि हळूहळू सगळ्या त्या फडक्याभोवती जमल्या. एक वयस्क मावशी तेवढी हातातल्या भाकरीकडे बघत राहिली.

“कावून जेवंना गं मावशे?” आक्काने विचारले.

मावशीला रडू फुटले. “मालक लगनाला गेलाय, आखाड्यावर कुनी न्हाई, हे माज्याच तोंडून भाच्याला कळलं. त्यानं काय केलं ते मला मागून समजलं. हिच्यावर आळ आला तरी मी गप बसले, आक्का.”

भाचा तेलगावला टेम्पोसह सापडला. कापूस जप्त झाला, पंचनामा झाला. आता मालक मावशीला काढा म्हणू लागला. वेचणी पुरी करून हवी असेल तर टोळी आहे तशीच येईल, असे आक्काने त्याला शांतपणे सांगितले. कुरकुरत का होईना, त्याने ऐकले.

पुढे मी बरीच पथके चालवली. बक्षिसाच्या आशेने माणसे पळतात, दम दिला की उभी राहतात. पण एकत्र राहतात ती, आपण चुकलो तरी सोबतचे आपल्याला उघड्यावर टाकणार नाहीत, या भरवशावर. हे मला आक्काने दाखवले, आणि ते किती खोल रुजते हे जबाबाच्या दिवशी कळले.

मावशी साक्षीदार म्हणून ठाण्यात आली होती. बाकावर तिच्या शेजारी नवी बाई बसलेली, त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली. आक्काने पाठवले का, असे मी तिला विचारले.

“न्हाई साहेब,” ती म्हणाली. “एकटीला कसं वाटतं, ते मला ठाव हाय.”