खालच्या कप्प्यातली बशी

"घाई नका करू, भाऊ. अजून उगवून राहिले," असं म्हणत ती झाकणाची चपटी बशी खिडकीच्या उजेडात धरायची. तिरपी करायची, पुन्हा सरळ. समोरचा माणूस कितीही घाबरलेला असो, तिची नजर बशीवरून हलत नसे.

गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. भंडाऱ्यातल्या एका लॅबमध्ये ती टेक्निशियन होती; कफातले जंतू बशीत वाढवून तपासायची. माझी लेक तेव्हा अकरा वर्षांची. तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. फुप्फुसांत चिकट कफ साचतो आणि जंतू त्यात वर्षानुवर्षं मुक्काम करतात. मी वहीत रोज वजन, ताप आणि कफाचे चमचे लिहायचो. आकडा लिहिला की भीती तेवढ्यापुरती आवरते.

"जंतू एकच आहे ना?" मी पहिल्यांदा विचारलं.

"नाव एक हाये. हा पाहा चिकट, शेंबडावानी. हा कोरडा. हा हिरवा. एकाच घरचे लेकरं, स्वभाव अलग."

तिचं माहेर एकोडीचं, धानशेतीतलं. "तणही धानावानीच दिसते, भाऊ. लोंबी आल्यावर कळते," ती म्हणायची.

एकदा तिनं झाकण उचललं आणि द्राक्षांसारखा गोड वास आला. मी नकळत वाकलो. "सरका मांगं! अत्तर हाये का ते?" ती ओरडली. तेव्हापासून आमच्या घरी द्राक्षं आली नाहीत.

त्या हिवाळ्यात तिच्या रिपोर्टावरून नागपूरच्या डॉक्टरांनी एक औषध सुरू केलं. नऊ दिवसांत कफ तीन चमच्यांवरून सातवर गेला. वजन सव्वा किलोनं उतरलं. नवव्या दिवशी संध्याकाळी लॅबवाली बाई आमच्या फाटकाशी उभी. डोक्याचा स्कार्फही सोडला नव्हता.

"चूक माझी हाये, भाऊ. दुसऱ्या दिवशी मोठे ठिपके दिसले, तेवढेच वेचून त्याइच्यावर औषधं लावून पाह्यली. बशी फेकायची राहून गेली, तं मांगून बारके उगवले. त्याइले हे औषध लागतच नाही. आज पक्कं कळलं."

"आता सांगून राहिल्या?" माझी बायको ओरडली.

"बोला, ताई. जेवढं बोलायचं तेवढं बोला. पण पहिले डॉक्टरले फोन लावा."

औषध बदललं. कफ पुन्हा तीनवर आला. त्याखाली मात्र कधीच नाही.

तिनं मग लॅबच्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून चिठ्ठी चिकटवली: 'बशी पाच दिवस फेकू नये.' मी एकदा विचारलं, "तुम्हाला यातल्या कोणाची भीती वाटते?"

"नवा जंतू मारामारी करते, तं दिसते तरी. जुना झाला का गप घर करून राहते. मले गपवाल्याचंच भेव वाटते."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती आहेत तोवर आपण निर्धास्त झोपतो. इतकी वर्षं लेकीच्या बशा तीच पाहत राहिली. यंदा उन्हाळ्यात ही लॅबवाली बाई गेली. चार दिवसांचा ताप, बस.

परवा लेकीचा रिपोर्ट आला, बशी लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी. एकच ओळ, एकच नाव, सगळी औषधं लागू. इतका स्वच्छ कागद पाहून मला ते गपवाले आठवले आणि लेकीला घेऊन मी तडक लॅब गाठली. नवा टेक्निशियन बशी फेकायला निघाला होता.

"खालच्या कप्प्यात ठेवा," मी म्हणालो.

"काहून? रिपोर्ट तं झाला."

मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. बाहेर बाकावर लेक खोकत होती. त्यानं खांदे उडवले आणि बशी ठेवली.

आज बशीचा चौथा दिवस आहे.