हात वरच ठेव

"हात जोड आधी. मंग बोल."

आज सकाळची गोष्ट. मालक खुर्चीवर, मी ओट्याखाली उभा. वय माझं शेहेचाळीस. तरी उभाच.

मालकांच्या जावयानं आम्हा दोघांना परदेशात नेलं. मी आणि माझा मावसभाऊ देवानंद, दोघंही पांढरकवड्याचे ट्रक ड्रायव्हर. नोकरी ट्रकचीच सांगितली होती. तिथं न वाचता येणाऱ्या कागदावर सही घेतली आणि सोळाव्या दिवशी हातात बंदूक देऊन लढाईवर पाठवलं. सात महिने कैदेत काढून मी परत आलो. देवानंद आला नाही.

"शरण गेलता म्हने तू. हात वर करून जीव वाचवला," मालक हसले. "तेच हात इथं जोडाले काय जाते तुह्यं? उद्याच्या बयानातून जवायाचं नाव काढून टाक."

शरण जाणं मालकांना सोपं वाटतं.

मधे मोकळं शेत होतं. दोनशे दहा पावलं. मागे आमचेच लोक. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालायचा त्यांना हुकूम. पुढे शत्रू, शरण येणारा अंगाला बॉम्ब बांधून येतो, ही त्याला धास्ती. डोक्यावर ड्रोन. कुणाचं, कळत नव्हतं. आम्ही बंदुका टाकल्या, हात वर केले, निघालो.

"हात वरच ठेव." दर दहा पावलांनी मी सांगत होतो.

"खांदे भरून आले, भाऊ."

"येऊ दे."

दोनशे पावलं झाली. समोरचा सैनिक ओरडला. त्यानं बंदूक आमच्यावर रोखली. देवानंदनं त्याच्याकडे पाहिलं, आणि देवानंदचे हात खाली आले. छातीशी आले. जोडले गेले.

"मालक..." एवढंच म्हणाला.

सैनिकाला वाटलं, हा छातीवरचं काहीतरी ओढतोय. एकच गोळी.

दहा पावलं उरली होती. ती मी हात वर ठेवून एकटा चाललो.

हात जोडायची ती सवय त्याला याच ओट्याखाली लागली. मावशी इथं कापूस वेचायची. आम्ही दोघं सहा-सात वर्षांचे, प्यायला पाणी मागायचो. मालक तेव्हाही हेच म्हणायचे. हात जोड आधी.

आज मी ओट्यावर चढलो. मालकांसमोरच्या रिकाम्या खुर्चीत बसलो. हात मांडीवर ठेवले.

"देवानंद हात जोडल्यानं मेला, मालक. माह्ये हात आता जुडत नाही."

मी उठून आलो.

उद्या अकरा वाजता यवतमाळला पोलिसांपुढे माझं बयान आहे. जावयाचं पूर्ण नाव पहिल्या ओळीत येईल. दोनशे पावलं येतील, उरलेली दहाही येतील. आणि कुणी विचारो न विचारो, हा ओटाही येईल.